पाणाड्याला पाणी नेमकं कशानं कळतं?

अग्रणीकाठ

गेल्या आठवड्यात गावी होतो. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. चुलतभावाच्या रानात बोअर मारायचं चाललंय. आधी एक पाणाडी येऊन जागा दाखवून गेला. चार दिवसांनी मशीनवाला आला, त्यानं तारा लावून दुसरीच जागा काढली. दोन्ही जागांवर दगड रचून ठेवलेत, मधे साठ-सत्तर पावलांचं अंतर. भाऊ म्हणाला, "दादा, तू आबांचा नातू. गाडी कुठं लावायची तूच सांग." मला सांगता आलं नाही. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही, म्हणून हा धागा.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. पंचक्रोशीत पाणाडी म्हणून त्यांचं नाव होतं. पैसे घेत नसत. नारळ, पान-सुपारी आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या नावानं सव्वा रुपया, तोही देवळातच जायचा. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्यांची पिशवी धरून मागं चालायचो.

नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवायचे, शेंडी बोटांकडं. कोपर अंगाला चिकटलेलं. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा टाकायचं. एखाद्या जागी नारळ हलायला लागायचा, शेंडी वर यायची आणि तो चक्क उभा राहायचा. मनगटाच्या शिरा दोरीसारख्या तटतटलेल्या असायच्या, कपाळावर घाम. हे मी एकदा नाही, पन्नास वेळा तरी पाहिलंय. ते नाटक करत नव्हते. नारळ उभा राहिला की त्यांचं अंग थरथरायचं, नंतर पाणी पिऊन थोडं बसावं लागायचं.

आता आठवतं ते मात्र नारळाच्या आधीचं. रानात गेल्या गेल्या ते नारळ काढायचेच नाहीत. बांधावर बसून तंबाखू मळत घरधन्याला विचारत राहायचे. शेजारची विहीर किती परस खोल? चैतात तळ दिसतो का? सुरुंग लावला तेव्हा मुरूम कुठवर लागला? ओढा पूर्वीपासून इथनंच वाहतो का कुणी वळवलाय? मग चपला बांधावर काढून अनवाणी सगळं रान फिरायचे. मे महिन्यात हिरवी राहिलेली हरळी दिसली की वाकून उपटायचे, मुळं बघायचे. उंबर कुठल्या अंगाला झुकलाय ते बघायचे. ढेकूळ फोडून वास घ्यायचे. हे सगळं झालं की पिशवीतला नारळ मागायचे. आणि नारळ बहुतेक वेळा तिथंच उभा राहायचा, जिथं ते आधी जरा जास्त वेळ थांबलेले असायचे. पोरवयात हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कॉलेजला सांगलीत आलो आणि मी त्यांची परीक्षा घेतली. आपल्याच रानात, डोळ्यांवर टॉवेल बांधून. ते स्वतःहून तयार झाले. पाच फेऱ्या झाल्या. नारळ उभा राहील तिथं मी चुन्याची खूण केली. पाच खुणा पाच ठिकाणी पडल्या, त्यातली एक तर उघड्या पाषाणाला लागून. टॉवेल सोडल्यावर त्यांनी खुणा पाहिल्या, एकेका खुणेवर पाय ठेवून आले. "नाथाला परीक्षा चालत न्हाय," एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी मला फार मोठं काही सिद्ध केल्यासारखं वाटत होतं. आज ते आठवलं की बोचतं.

आबा म्हणायचे, हे नाथ देतो. मी म्हणायचो, हे तुमच्या पायांना कळतं, नारळ उगाच. आबांना जाऊन बावीस वर्षं झाली. आता मला माझंही म्हणणं पुरं वाटत नाही. तुमच्या घरात, गावात अशी जाण असलेलं कुणी पाहिलं असेल तर लिहा. आपल्याला जे कळतं ते येतं कुठून?

दगडवाचक

भूजलाच्या कामात पंचवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी जत-कवठेमहांकाळ-आटपाडी भागात. त्यामुळं लिहितो.

आबा बांधावर बसून जे विचारायचे तेच आम्ही फॉर्मवर लिहून घेतो. आपल्याखाली सगळा बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत, आणि दोन थरांच्या मधे जो लाल गेरूसारखा पट्टा असतो त्याच्या आसपास. एकसंध काळा पाषाण लागला की तो कोरडाच. कुठं कुठं उभ्या भिंतीसारखा खडक जमिनीत घुसलेला असतो, तो पाणी अडवतो; भिंतीच्या वरच्या अंगाला विहीर चांगली चालते, खालच्या अंगाला खडखडाट. हे माहीत असलेला माणूस झाडावरून, मातीवरून, शेजारच्या विहिरीवरून बराच अंदाज बांधू शकतो. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत याच्यावर आख्खा अध्याय लिहिलाय: कुठलं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, पाणी किती खोल. खोली त्यानं 'पुरुष' या मापात दिलीय, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आपला परस म्हणजे तोच पुरुष.

नारळाचं म्हणाल तर हात हलवतो आणि माणसाला ते कळत नाही. १८५२ साली कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं या प्रकाराला नाव दिलं. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडेनं प्रयोग केला. तेव्हा तिकडं लोक टेबलाभोवती हात ठेवून बसायचे आणि टेबल 'आपोआप' फिरायचं. फॅरेडेनं हाताखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थानं जोडून ठेवले. नंतर पाहिलं तर वरचा पुठ्ठा आधी सरकलेला, म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हतं, हातच टेबलाला ढकलत होते. बसलेली माणसं प्रामाणिक होती. आपण ढकलतोय हे त्यांना दिसेल अशी काडी लावल्यावर टेबल फिरायचं थांबलं.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये पाणाड्यांचीच मोठी चाचणी झाली. शेकडो जणांतून ४३ निवडले. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवत ठेवायचा आणि पाणाड्यानं वरून जागा सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. काही जण सुरुवातीला फार अचूक वाटले, पण त्यांनाही ते पुन्हा पुन्हा साधलं नाही. तुमच्या पाच चुन्याच्या खुणा म्हणजे तेच.

मशीनबद्दलही सांगतो, कारण लोक त्याला देव समजतात. सळया ठोकून जमिनीत करंट सोडतात आणि विरोध मोजतात. ओल्या थरात विरोध कमी येतो, पण तो चिकणमातीतही कमीच येतो. त्यामुळं मशीनवालाही चुकतो. त्याला आजूबाजूच्या विहिरी बघायचा कंटाळा असेल तर जास्तच चुकतो. तुमच्या भावाला सांगा, दोन्ही दगडांच्या आसपासचे जुने बोअर किती फुटाला लागले ते आधी विचारून या.

आणि एक विचारतो, राग मानू नका. आबांच्या किती जागा कोरड्या गेल्या?

अग्रणीकाठ

राग कसला. पण खरंच माहीत नाही. घरात नेहमी लागलेल्या विहिरींच्याच गोष्टी निघायच्या. पेढे घेऊन येणारे लोक आठवतात.

दगडवाचक

सगळ्यांचं तसंच होतं. पेढे घेऊन येतात ते पाणी लागलेलेच. आणि जागा मोजायला बसलात तर हेही बघा, की त्याच काळात त्याच शिवारात पाणाडी न बोलावता किती विहिरींना पाणी लागलं. तीस-चाळीस फुटांवर मुरूम असलेल्या शिवारात कुठंही खणलं तरी थोडंफार लागतंच.

माणदेशी सून

मी आटपाडीकडची. इथं सगळे नारळ खरा का खोटा यावर लिहितायत. माझ्यासाठी प्रश्न वेगळा आहे.

माझ्या सासऱ्यांनी तीन वर्षांत चार बोअर मारले. चारही जागा पाणाड्यानं दाखवलेल्या. गाडी रात्री यायची. आम्ही बायका उंबऱ्यात उभ्या राहून गाडीचा आवाज ऐकायचो. ओला गाळ उडाला की आवाज बदलतो, ते आम्हाला लांबूनही कळायचं. चौथ्या वेळी पहाटेपर्यंत नुसता फुफाटा उडत होता, पांढरा, पिठासारखा. दारातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याचा थर बसला. सासूबाईंनी सकाळी काही न बोलता सगळे कपडे परत धुतले. पाणी टँकरचं होतं, तरी धुतले. माझ्या पाटल्या त्या बोअरमध्ये गेल्या.

पाणाडी साधा माणूस होता. त्याचा नारळावर खरोखर विश्वास होता. त्यामुळं त्याच्यावर चिडताही आलं नाही. पण प्रामाणिक माणसाची चूक स्वस्त पडते असं नाही, हेही लिहून ठेवते.

टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडं बोअरच्या गाड्या कमी झाल्या.

कराडचा वारकरी

आबा 'नाथ देतो' म्हणायचे, त्याला चुकीचं स्पष्टीकरण का म्हणायचं? मला त्यात वेगळं दिसतं. हे ज्ञान माझ्या मालकीचं नाही, म्हणून मी त्याचे पैसे घेणार नाही, असं ते सांगत होते. आमच्या दिंडीत एक म्हातारे बुवा होते. कीर्तनात एखादा दृष्टान्त इतका नेमका सुचायचा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. विचारलं की म्हणायचे, मला कुठं सुचलं, त्यानं बोलवून घेतलं. ते खोटं बोलत नव्हते. सुचणं ही गोष्ट आपण करत नाही, ती आपल्याकडं येते, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला हे कळेल. पायांना कळतं म्हणा की नाथ देतो म्हणा, माणूस स्वतःला कर्ता म्हणवून घेत नाही हे महत्त्वाचं.

अजिंक्यताऱ्याखालचा

साताऱ्यात गणित शिकवतो. वारकरीमाउलींचा मुद्दा मला पटतो आणि तरी काहीतरी राहतं, ते सांगायचा प्रयत्न करतो.

रामानुजन म्हणायचे की नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रं दाखवते. १९१४ साली ते केंब्रिजला गेले. तिथं देवीनं दिलंय म्हणून कुणी एक सूत्र मान्य केलं नाही, आणि देवीचं नाव घेतलं म्हणून कुणी एक सूत्र टाकूनही दिलं नाही. प्रत्येकाची सिद्धता शोधली गेली. बहुतेक सूत्रं खरी निघाली. मूळ संख्यांबद्दलची त्यांची काही विधानं मात्र चुकली होती. खरी आणि चुकलेली, दोन्ही एकाच खात्रीनं सुचलेली होती! वर्गात हे सांगतो तेव्हा मला स्वतःला दर वेळी थांबावं लागतं. सुचताना आतून जी खात्री वाटते, तिच्यावरून खरं-खोटं कळत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. मी शाळेत असताना अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते करणीचा नारळ करून दाखवायचे. शेंडीत सोडियमचा तुकडा लपवलेला, वर पाणी शिंपडलं की नारळ पेट घ्यायचा. मग आम्हा पोरांपैकीच एकाला पुढं बोलावून तेच करायला लावायचे. तो नारळ फसवणुकीचा होता, उघडा पाडला की संपला. आबांच्या नारळात लपवलेलं काही नव्हतं. तिथं उघडं कुणाला पाडणार? २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, त्या दिवशी मी वर्गावर होतो. तास पुरा करता आला नाही. प्रश्न विचारायची सवय मला ज्यांच्यामुळं लागली त्यांत ते होते. म्हणून आबांच्या बाबतीतही विचारतो, आणि आदर ठेवून विचारतो: खात्री करून घ्यायची सोय त्यांना कुणी दिली होती का?

मिरजकर

वरच्या प्रश्नावर माझ्याकडं एक बघितलेली गोष्ट आहे.

मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत माझं बालपण गेलं. ही घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली, तेव्हापासून हात धारेवरून तारेवर आले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात.

सगळ्यात अवघड काम जवारीचं. घोडीच्या ज्या पृष्ठावरून तार जाते ते कानशीनं इतकं हलकं घासायचं की तार तिथं टेकते पण दबत नाही. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. एका जागी आला की साधा टणत्कार जातो आणि आवाज खुलतो, मधमाश्यांच्या गुंजारवासारखा. आमच्या शेजारच्या चाचांना मी लहानपणी विचारायचो, किती घासायचं ते कसं कळतं? ते माझं बोट धरून घोडीवर फिरवायचे. मला काही कळायचं नाही, सगळं गुळगुळीतच लागायचं. त्यांचा मुलगा आधी काही वर्षं नुसते भोपळे साफ करत होता, मग घोडीला हात.

पण बघा, चाचांनी एक हात कानस जास्त मारली की तार लगेच बोंबलते. आवाज बसतो. त्याच क्षणी, त्यांच्याच कानात. घोडी फुकट जाते, नवी घ्यावी लागते. दिवसातून कित्येकदा त्यांना त्यांची चूक ऐकू येत होती. तेही म्हणायचे 'अल्ला का करम है'. कुठून येतं याचं उत्तर त्यांचं आणि आबांचं एकच. पण चाचांच्या कानाला तार रोज उत्तर देत होती. आबांना विहीर सहा महिन्यांनी उत्तर द्यायची, तेही कुणी येऊन सांगितलं तर.

कृष्णाकाठ

मिरजकर, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं नेमकं उलट झालं.

आमचं घर सांगलीत गावभागात. २००५ च्या महापुराची खूण बाबांनी जिन्याखालच्या भिंतीवर तैलरंगानं केली होती, तारीख घालून. पाऊस लागला की सांगलीत एकच प्रश्न असतो: आयर्विनला, म्हणजे आयर्विन पुलाला, पाणी किती? ४० फूट इशारा, ४५ धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा बाबा शांत होते. त्यांच्याकडं अनुभव होता. खुणेच्या वर एक हात सोडून फळ्या टाकल्या, धान्याचे डबे, कागदपत्रांची पेटी, आईच्या साड्या, सगळं फळ्यांवर. गल्लीतल्या नव्या भाडेकरूंनाही बाबांनीच दिलासा दिला, ह्याच्या वर येत नाही म्हणून.

आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बोटीतून निघताना खूण केव्हाच बुडाली होती.

पाणी ओसरल्यावर आईनं पेटी उघडली. कागद एकमेकांना चिकटून लगद्याची वीट झाली होती. बाबा त्या विटेकडं बघत बसले होते. भाडेकरूंपैकी एक बाई येऊन म्हणाली, "काका, तुमचं ऐकून आम्ही टीव्ही वर ठेवला होता." तक्रारीच्या सुरात नाही, सहज म्हणाली. बाबांनी त्यानंतर गल्लीत कुणालाही पाण्याबद्दल सल्ला दिलेला नाही. नवी खूण मीच केली. २०२१ ला पुन्हा पूर आला तेव्हा ते सगळ्यांत आधी निघायला तयार होते.

बाबांचा अनुभव खोटा नव्हता. तो एका पुराचा होता.

दगडवाचक

कृष्णाकाठ यांनी लिहिलंय त्यातच पाणाड्यांचं दुखणं आहे. आबांच्या पिढीची विद्या चार-पाच परसाच्या विहिरीची. हरळीची मुळं, उंबर, ओल हे सगळं वरच्या थराबद्दल बोलतं. आता बोअर पाचशे-सहाशे फूट जातो. तिथल्या भेगेबद्दल उंबराला काय ठाऊक असणार? विद्या तीच राहिली, तिच्याखालचं पाणी निघून गेलं. आजचा पाणाडी आबांइतका जाणकार असला तरी त्याला ते बघता येत नाही, आणि नारळ मात्र तेव्हासारखाच उभा राहतो.

माणदेशी सून

शेवटचं वाक्य आमच्या घरी वाचून दाखवलं. सासरे ऐकत होते. म्हणाले, "चौथ्या बोअरच्या वेळी पाणाड्या सोता म्हनला हुता, आता खालचं मला कळंना झालंय. म्याच म्हनलो, बघा तरी."

कराडचा वारकरी

ताई, हे फार मोठं सांगितलंत तुम्ही.

अग्रणीकाठ

उशिरा लिहितोय. गेले चार दिवस फोनवरच होतो.

दगडवाचकांनी विचारलं म्हणून आबांनी दाखवलेल्या जागा मोजायला बसलो. वडील, चुलते, आत्या, जुने शेजारी. एका वहीत नावं लिहीत गेलो. आमच्या आणि लगतच्या दोन शिवारांतल्या एकोणीस जागा लोकांना पक्क्या आठवल्या. त्यातल्या सात कोरड्या, किंवा दिवाळीपर्यंत आटणाऱ्या. पाणाडी न बोलावता खणलेल्या विहिरींचा हिशोब लागला नाही, पण चुलते म्हणाले, त्याही बऱ्याच लागायच्या की. तेव्हा आकड्यातून नारळाच्या बाजूनं काही निघत नाही, हे मान्य.

मला धक्का बसला तो त्या सातांचा. त्यातल्या दोनच घरात माहीत होत्या. बाकी पाचांबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि वडीलही.

त्या पाचांतली एक विहीर आमच्या चुलत आज्जीच्या माहेरच्यांची, ओढ्यापलीकडं. आज्जी आता नव्वदीच्या आहेत, पण बोलायला खणखणीत. त्यांना फोनवर विचारलं, आबांना हे माहीत होतं का? त्या म्हणाल्या, "कोन सांगंल? पैका न्हाय का पानी न्हाय, भर उन्हाचं अनवानी हिंडायचा बिचारा. त्येला वाईट वाटंल म्हून कुनीच सांगितलं न्हाय."

मी म्हणालो, पण आबा विचारत नव्हते का?

"विचारायचा की. दर सालाला, बेंदराच्या बैलाला आला की वाटंत थांबून विचारायचा, हिरीला पानी कसं हाय. आमी म्हनायचो, बरं हाय."